लंकेला निघालेला साळा

माझ्या मोठ्या साळ्याइतका लांबच्या प्रवासाला निघून घरीच राहिलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. लोक काशीला जातात, रामेश्वरला जातात, येऊन गावजेवण घालतात आणि विषय संपतो. आमचा साळा लंकेला निघाला आणि वर्षानुवर्षं निघालेलाच राहिला. मी चार बुकं शिकलेला माणूस, सारी उमर अमरावतीच्या जिनात कापसाचा धुरळा खाण्यात गेली. लिहायची मला सवय नाही. पण बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी उरलं नाही, म्हणून तिच्या भावाबद्दल लिहितो. तिच्याबद्दल लिहायला बसलो की हात चालत नाही.

मूर्तिजापूरजवळच्या गावात त्याची काळीची चांगली जमीन, दोन बैलजोड्या, डोक्यावर कायम ओला पंचा. हा पंचाच साऱ्याचं मूळ. त्याला ऊन सोसायचं नाही, आणि देवाने त्याला जन्माला घातलं वऱ्हाडात. वैशाखात तो विहिरीत उतरून बसायचा, तिथंच भाकर मागवायचा, आणि गडी वरून वाकून कामाचं विचारायचे. एकदा गावचा कोणी रामेश्वर करून आला आणि सांगू लागला की पुढे लंका आहे, बारा महिने हिरवी, चारी बाजूंनी पाणी. साळ्याने विहिरीतूनच हिशेब लावला. "म्हंजे आपल्या विहिरीच्या उलटं," तो म्हणाला. "इथं भवताल माती अन् मधी पाणी, तिथं भवताल पाणी अन् मधी माती. मंग मी इथं काहून बसलो?"

त्याच दिवशी बेत ठरला, आणि बहिणीलाही न्यायचं असं ठरलं. माझ्या बायकोने मूर्तिजापूर आणि बडनेरा यांच्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. तिला एकदा चारी बाजूंनी पाणी पाहायचं होतं. दुसरं तिने कधी कुणाला काही मागितलं नाही, मलाही नाही.

गावच्या जोश्यांनी मुहूर्त काढला तो नेमका कापूस वेचणीत. शेत टाकून जाता येईना आणि मुहूर्त सोडवेना. जोशी कंटाळून म्हणाले, मग प्रस्थान ठेवा. ही आपल्याकडची जुनी रीत. चांगली वेळ साधायची पण माणसाला निघता येत नसेल, तर त्याचं कापड, सुपारी, हळकुंड बांधून प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. गाठोडं निघालं की माणूस निघाला असं धरतात. मात्र गाठोडं एका जागी फार दिवस ठेवायचं नाही. एक तर माणसाने मागून यावं, नाहीतर गाठोडं पुढे सरकवावं. लंकेला जायचं मद्रासवरून, मद्रासची वाट बडनेऱ्यावरून, आणि बडनेऱ्याला आमचं घर. साळा गाठोडं घेऊन आला, त्यात बायकोचा एक खण कोंबला, आणि ते आमच्या ओसरीत ठेवून संध्याकाळच्या गाडीने परत शेतावर गेला.

तेव्हापासून तो स्वतःला प्रवासात समजू लागला. गावात बांधाचं भांडण झालं आणि लोक निवाड्याला बोलवायला आले, तर ओट्यावर दाढी करता करताच म्हणाला की मी गावात नाही, परत आल्यावर पाहू. इकडे आमच्या घरीही तेच. भाजीत मीठ नाही म्हणून मी ओरडलो की बायको शांतपणे सांगायची, "मी तं निघाली हाओ. तुमचं तुमी पाहा."

आणि निघणं मात्र दर वेळी पुढे जाई. कधी गाय व्यायला झाली, कधी गावातल्या कोणाच्या पोरीचं लग्न निघालं आणि याच्याशिवाय मांडव उभा राहीना. नाही म्हणणं त्याला जमायचंच नाही. मी टोमणा मारला की म्हणायचा, "जवाईबुवा, बेत सैल पाहिजे. घट्ट बेत फाटते, सैल बेत माणसाले पुरते." पण रीत तो पाळायचा. मुदत सरली की येऊन गाठोडं लंकेच्या बाजूला एक पाऊल सरकवायचा, चहा घ्यायचा आणि जायचा. असं करत ते ओसरीतून माजघरात आलं, तिथून स्वयंपाकघरात, आणि शेवटी मागच्या दारात. पुढे परसाची भिंत होती, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याची म्हैस.

त्या उन्हाळ्यात बायकोला दम लागू लागला. चुलीपासून दारापर्यंत आली तरी बसावं लागे. अमरावतीच्या डॉक्टरने तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हृदय मोठं झालं आहे, जपा, लांबचा प्रवास आता नाही. बाजूला घेऊन उपयोग नव्हता, तिला सारं ऐकू गेलं. पुढच्या खेपेला भाऊ आला तेव्हा तिने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "दादा, गाठोडं घेऊन जा आता." चहा तसाच राहिला. गाठोडं काखेत मारून तो निघून गेला, आणि मला वाटलं, संपलं एकदाचं.

श्रावण सरता सरता त्याचा गडी निरोप घेऊन आला. बाईले घेऊन या, बोट लागली. मी गड्याला शिव्या दिल्या, पण बायको तोवर लुगडं बदलून बसली होती. तिला अडवणं मला आयुष्यात कधी जमलं नाही. तासाभराची गाडी, पुढे गादी घातलेली बैलगाडी. शेताच्या कडेला पोचलो तर पूर्णा नदीच्या पुराचं पाणी नाल्यातून मागे चढून साऱ्या रानात पसरलेलं, थाळीसारखं सपाट पडलेलं. मधोमध जुन्या उजाड गावाच्या पांढरीचं, पडक्या घरांच्या मातीचं टेकाड तेवढं वर, त्यावर चार शिंदीची झाडं, लांबून माडांसारखी. आणि काठाला गूळ रांधायची मोठी कढई तरंगत होती, तिच्यात उशी ठेवलेली.

मी भडकलो. तिला मारतोस काय, असं सरळच विचारलं. साळ्याच्या डोक्यावर त्या दिवशी पंचा नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "मद्रासले नाही नेता आलं मले. इथवर तं नेऊ द्या." मी धोतर खोचलं आणि कढई धरली. तो पुढून ओढत होता, मी मागून ढकलत होतो, पाणी कमरेला लागत होतं. मधे ती बसली होती, कढईची कड धरून, आणि हसत होती. दम लागेपर्यंत हसली, दम खाल्ला, पुन्हा हसली.

टेकाडावर त्याने गाठोडं सोडून कापड अंथरलं. तिने बसल्या बसल्या चारी दिशांना पाहून घेतलं. शिंदीकडे बोट करून तिने विचारलं, "हे लंका होय का, दादा?"

"आपला बेत सैल होता, बाई," तो म्हणाला. "लंकाच इकडं सरकली."

तिथं आम्ही भाकर आणि बेसनाचं चून खाल्लं. दुपार कलली तसं पाणी उतरू लागलं, कपाशीचे शेंडे वर आले. ती म्हणाली, अजून थोडं बसू. आम्ही बसलो.

हिवाळ्यात ती गेली. साळ्याने पुन्हा लंकेचं नाव काढलं नाही. कोणी विचारलं तर सांगतो की जाऊन आलो. पूर आला की मला न्यायला गडी पाठवतो आणि आम्ही दोघं म्हातारे टेकाडावर जाऊन बसतो. गेल्या साली पाणी चढलंच नाही, तरी निरोप आला. मी गेलो. चहूकडे कोरडी कपाशी उभी. मी म्हटलं, "दादा, पाणी कुठी आहे?"

"बसा तं," तो म्हणाला.

मी बसलो. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथून उठलो नाही.