भोंगीचा खोकला

आमच्या खालच्या मजल्यावरची गादीवाली ठार बहिरी, आणि तिची मांजर या इमारतीतली सगळ्यात कर्कश. तिला भोंगी म्हणायला मीच सुरुवात केली. सकाळी दार उघडायला जरा उशीर झाला की ती असा टाहो फोडायची, की वर माझ्या हातातला चहा हिंदकळायचा. मालकिणीला त्याचा पत्ता नसायचा. ती फक्त उघडलेलं तोंड बघायची आणि दार उघडायची.

गादीवाली पन्नाशीची आहे. तरुणपणी कापूस पिंजायच्या कारखान्यात मशीनला खेटून उभी राहिली, तिथे हळूहळू कान गेले. नवराही साधारण तेव्हाच गेला. मेला नाही, नुसता गेला. तेव्हापासून घरीच गाद्या, उशा, सोफ्याच्या बैठकी भरते. समोरच्याचे ओठ वाचते आणि उत्तर अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं देते. तिचं सगळं कसब तळहातात. शिवून झालेल्या गादीवरून डोळे मिटून हात फिरवते, कुठे कापसाचा गोळा झालाय ते तिला बरोब्बर कळतं. मग टाके उसवायचे, कापूस सारखा करायचा, पुन्हा शिवायचं. गिऱ्हाईक कंटाळतं, ही नाही कंटाळत. या हातावर तिचा फार भरवसा होता, आणि घात तिथेच झाला.

भोंगीचा टाहो बंद झाला, तेव्हा आधी मला नुसतं बरं वाटलं. सकाळी शांतता. दोन-चार दिवस सुखाने चहा प्यायले, मग चैन पडेना, म्हणून खाली उतरले. भोंगी दारातच होती. माझ्याकडे बघून तिने नेहमीसारखा जबडा फाकला, आणि आतून काही म्हणजे काही आलं नाही. मग पोट जमिनीला टेकवून, मान पुढे ताणून ती खोकायला लागली. कोरडं, लागोपाठ. बघवेना.

“अगं, हिचा आवाज गेलाय!” मी गादीवालीच्या समोर जाऊन म्हटलं.

“कुणाचा?”

“माझा! मांजरीचा गं. आणि खोकतेय.” मी खोकून दाखवलं.

“छे हो काकू, मजेत आहे ती. हल्ली तर मांडीवर घेतलं की आधीपेक्षा जास्त घुरघुरते. बघा, लावा हात.”

हात लावला. बरगड्या थरथरत होत्या खऱ्या. पण मला कान आहेत. ती घुरघुर नव्हती; श्वास कुठेतरी अडून, शिट्टीसारखा बारीक होऊन बाहेर पडत होता.

“ही घुरघुर नाही. हिला दम लागलाय.”

तिने मला पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा ओठ वाचले आणि चटका बसावा तसा मांजरीवरचा हात मागे घेतला. “ती खोकत होती,” ती म्हणाली, पहिल्यांदाच हळू आवाजात, “आणि मी म्हणत होते, किती लाडात येतेस गं.”

तिचा धाकटा भाऊ तयार उशा न्यायला आला होता. तो दारातूनच म्हणाला, “केस अडकला असेल घशात. चमचाभर तेल पाजा.”

“तूच पी,” मी म्हटलं. “श्वास घेता येत नाही त्या जिवाला, तेल काय छातीत ओततोस? गाडी काढ.”

काढली बिचाऱ्याने.

दवाखान्यात डॉक्टरीण तरुण होती, पण फाफटपसारा नाही. छातीचा फोटो काढला; तिथे काही नव्हतं. आता भूल देऊन घशात बघावं लागणार होतं. गादीवालीने विचारलं, “मला हाताला कसं कळलं नाही?” डॉक्टरीण म्हणाली, “मांजर खूश असली की घुरघुरते आणि दुखत असलं तरीही. नुसत्या हाताने नाही सांगता येत.” मला वाटलं, याने तिला बरं वाटेल. नाही वाटलं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. भावाने दोनदा चहा आणला, दोनदा तो गार झाला. गादीवाली बाकावरची फाटकी गादी दाबत होती आणि आतल्या दाराकडे बघत होती.

दार उघडलं. डॉक्टरीण तोंडाला मास्क लावून बाहेर आली आणि भराभर बोलायला लागली. गादीवाली नुसती तिच्या डोळ्यांकडे बघत राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं, संपलं.

“अहो, तो मास्क खाली करा!” मी ओरडले. पण डॉक्टरणीच्या हातात हातमोजे होते, तिला आत परत जायचं होतं. मग मीच सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. “जिवंत आहे. स्वरयंत्राला लागून गाठ आहे. तिने श्वासाची वाट अडवलीय. आत्ता काढता येईल. पण आवाज कदाचित कधीच परत येणार नाही.”

“श्वास घेईल?”

मी डॉक्टरणीकडे पाहिलं. “घ्यायला हवा,” ती म्हणाली. “खात्री नाही देत.”

तेही तसंच सांगितलं. खोटं बोलले असते तर तिने ते ओठांवर वाचलं असतं.

“काढा,” गादीवाली म्हणाली. “आवाज मला काय करायचाय?” मग माझ्याकडे वळली. “तुम्हाला चालेल ना, काकू?”

ज्या टाहोवर मी इतकी वर्षं बोटं मोडली, त्यासाठी ती माझी परवानगी मागत होती! “मला काय विचारतेस, मूर्ख,” मी म्हटलं. “काढू दे.”

गाठ निघाली. तपासणीत साधीच ठरली. भोंगी घरी आली, खायला लागली, पण आवाज आला नाही. कापसाची धूळ तिच्या श्वासात जाऊ नये म्हणून गादीवालीने भरायचं काम मागच्या खोलीत नेलं, मधलं दार बंद ठेवते.

परवा मी खाली गेले तेव्हा भोंगी तिच्या मांडीवर होती. गादीवालीचा तळहात मात्र मांजरीच्या बरगड्यांच्या वीतभर वर, हवेत थांबलेला.

“काकू, जरा ऐका ना.”

गुडघ्यांना शिव्या घालत मी वाकले आणि मांजरीला कान लावला.

“घुरघुरतेय.”

“नक्की?”

“मी नाही अजून बहिरी. नक्की.”

तिने हात टेकवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग पुन्हा उचलला.

“परत एकदा ऐका,” ती म्हणाली.