वजन चालत नाही

मला जॉकी व्हायचं होतं. आज मी बसलो की आधी खुर्ची बोलते आणि मग मी, त्यामुळे हे वाक्य ऐकून घरातली मंडळी तोंडाला पदर, रुमाल, मिळेल ते लावतात. पण एकोणीसशे पन्नासच्या सुमारास, मॅट्रिक झालो तेव्हा, सगळ्या कल्याणात माझ्याइतका काटकुळा दुसरा नव्हता, आणि तेवढ्या एका गुणावर माझं भवितव्य उभं होतं.

तो गुण हेरला आमच्या आळीतल्या टांगेवाल्या मामांनी. टांग्याआधी ते मुंबईला रेसच्या तबेल्यात मोतद्दार होते. घोड्यांचा खरारा, दाणापाणी सगळं त्यांच्याकडे. वर्षभर दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूला आपल्या घोड्यावर बसवून त्यांनी मला तयार केलं. मग ओळखीच्या ट्रेनरकडे मला दाखवायचं ठरवलं आणि वडिलांची परवानगी मागायला घरी आले.

वडील कोर्टात कारकून. त्यांनी विचारलं, "तिथं काय काय बघतात?"

"बाकी काही नाही, रावसाहेब. फक्त वजन चालत नाही. वजन दिसलं की दारातूनच परत."

वडिलांचा चेहरा उजळला. कोर्टात बढती मिळायची ती साहेबाकडे वजन असलेल्यांना, आणि आमचं वजन पट्टेवाल्यापर्यंतही पोचत नव्हतं. मामा गेल्यावर ते आईला म्हणाले, "ऐकलंस? वशिला चालत नाही म्हणे. आणि लोक रेसला नावं ठेवतात."

मामा भातलावणीला गावी गेले. इकडे आईनं आनंदाच्या भरात डिंकाचे लाडू केले, वरणावर तुपाची धार वाढवली. "घोडे आवरायचे म्हणजे अंगात ताकद नको?" मी कशाला नाही म्हणू?

मामा परतले ते थेट ठरल्या दिवशी, स्टेशनवर. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिकिटं काढायला वळले. वडील सोबत होतेच.

मुंबईला तबेल्यात ट्रेनरनं मला काट्यावर बसवलं. काटा बघितला, मला बघितलं. "ह्याच्याखाली घोडा नाही, बैल द्यावा लागेल."

"पण तुम्हीच म्हणालात, वजन चालत नाही," वडील मामांना म्हणाले.

"मग कुठं चालतंय, रावसाहेब?"

वडिलांना उलगडायला थोडा वेळ लागला. मग ते असे हसले की ट्रेनरही हसला. रडवेला झालेला मी एकटाच.

मामांनी मला बाजूला घेतलं. "उपाशी राहा, नाहीतर पोटभर जेवून मोतद्दार हो. जॉकीला घोडा दोन मिनिटं भेटतो रे, मोतद्दाराला दिवसभर."

कारकुनाच्या मुलानं लीद काढायची? मी वडिलांकडे बघितलं. ते बराच वेळ घोड्यांकडे बघत होते.

"चावतात का हो?"

"नवख्याला," मामा म्हणाले.

"मग लवकर जुना हो," वडील मला म्हणाले.

पहिला चावा त्याच आठवड्यात मिळाला. रविवारी घरी आलो तेव्हा वडिलांनी स्वतः माझी बाही वर करून तो आळीत दारोदार दाखवला.