चांगल्या माणसाला कोण सोडतं?

शुक्रवारी सकाळी दामलेसाहेबांचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी ते फोन करत नाहीत, म्हणून लगेच उचलला. "मॅडम, नार्वेकर वारला. झोपेतच. त्याला गावी पाठवायच्या कागदांचं तुम्ही बघाल ना?" बघते म्हटलं आणि ऑफिसची किल्ली पर्समध्ये टाकली. रडायचं वगैरे नंतर... आता दीड महिना झाला, म्हणून लिहायला बसले आहे.

ओमानात रुसैलच्या आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात दामलेसाहेब मॅनेजर, मी कागदपत्रं सांभाळणारी आणि विलास नार्वेकर सुपरवायझर. रत्नागिरीकडचा, बायको आणि मुलगी गावी. साध्या हेल्परचा साहेबांनी त्याला सुपरवायझर केला, आणि त्याची जाण ठेवून तो राबायचा. मशीन अडलं की शिफ्ट संपली तरी बस सोडून थांबायचा. साहेब अर्बाबासमोर, म्हणजे ओमानी मालकासमोर, त्याच्या खांद्यावर हात ठेवून "हा माझा उजवा हात" म्हणायचे. दिवाळीत घरून त्याच्यासाठी वेगळा डबा आणायचे. त्या काळात आमचा माल परत आल्याचं मला आठवत नाही.

मग २०१६ साली जवळच्याच सीबमधल्या एका कंपनीने त्याला बोलावलं. पगार थोडाच जास्त, पण फॅमिली व्हिसा आणि राहायला घर. मात्र ओमानात नोकरी बदलायला जुन्या मालकाची एनओसी लागते. ती नसेल तर देश सोडायचा आणि दोन वर्षं परत यायचं नाही. अर्बाब सही करतो ती साहेबांच्या शब्दावर. नार्वेकर साहेबांकडे गेला तेव्हा मी तिथेच होते.

"साहेब, मुलगी चौथीत गेली. मी घरी गेलो की आईच्या मागे लपते."

"अरे, तू गेलास तर मी काय करू? पुढच्या वर्षी बघू, इन्शाल्ला."

तो गेल्यावर मी साहेबांना स्पष्ट म्हटलं, सोडा त्याला. ते म्हणाले, "मॅडम, चांगल्या माणसाला कोण सोडतं? कामचुकार असता तर आजच दिली असती." हे ते लबाडीने बोलत नव्हते. अडचण तीच होती.

बसमधल्या मंडळींनी नार्वेकरला सल्ला दिला, मग कामचुकार हो. त्याने प्रयत्न केला. उशिरा येऊ लागला, पुठ्ठा तिरका कापला गेला तरी गप्प बसू लागला. साहेबांना वाटलं, आजारी आहे. स्वतःच्या गाडीतून कुरुमच्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासून घेतलं, आठवडाभर मुगाची खिचडी आणली. रिकामा डबा माझ्या टेबलावर ठेवत नार्वेकर म्हणाला, "ताई, शिव्या देणारा साहेब परवडला. त्याच्याशी भांडता तरी येतं. ह्यांच्याशी कसं भांडू?"

"खिचडी कशी होती?"

"मीठ कमी होतं," तो म्हणाला. दोघेही हसलो... दुसरं काय करणार.

त्यानंतर मुद्दाम बिघडवणं त्याने सोडलं, पण मन लावणंही सोडलं. सांगितलं तेवढं करायचा आणि पहिल्या बसने जायचा. माल परत येऊ लागला. "एवढं करूनही..." म्हणत साहेब हळहळायचे. पुढचं वर्ष आलं आणि गेलंही. त्याला खूश करायला त्यांनी कामगारांच्या वसाहतीत, जिथे एका खोलीत चौघे राहतात, त्याला एकट्याला खोली दिली. नवा एसी लावून दिला. त्याच खोलीत तो गेला. सकाळपर्यंत कोणाला कळलं नाही. डॉक्टरांनी हृदयविकार म्हटलं. त्याला मी आणखी काही जोडणार नाही.

त्याला गावी पाठवायच्या कागदांवर साहेबांनी उभ्या उभ्या सह्या केल्या, अर्बाबाची सही तासाभरात आणली.

गेल्या आठवड्यात ते म्हणाले, "ती खोली कटिंगवरच्या सलीमला देऊ. चांगला माणूस आहे, टिकला पाहिजे." मी सलीमला बोलावून विचारलं. तो दापोलीकडचा, मितभाषी.

"नको मॅडम. चौघांत आहे तेच बरं आहे."

"अरे, नवा एसी आहे."

"एसी चांगला आहे, मॅडम. पण मला घरी जायचंय."

मग आणखी दोघांना विचारलं. कोणी तयार नाही. खोली रिकामीच आहे.