तापानं गेली

कणगीतून उंदरांचा वास आला की निजामाच्या काळातला तो पाहुणा आठवतो. धाकट्या बहिणीची सोयरीक तीर्थपुरीला ठरत होती. हा नवऱ्या मुलाचा काका, मुंबईत उंदीर पाळून गाठीच्या रोगाचा, म्हणजे कॅन्सरचा, शोध घेणारा. जेवताना म्हणाला, “उंदरिणीला गाठ झाली की तिच्या पिल्लांनाही बऱ्याचदा होते.” मग मला विचारलं, “तुमची माय कशानं गेली?” मायच्या छातीतली फुटलेली गाठ मी धुतली होती. आत्या चुलीपाशी पुटपुटली, “उंदराचं निमित्त हाय, घर तपासून राह्यलाय. गाठीचं बोलायचं न्हाई.” मी म्हणाले, “तापानं.” त्यानं वहीत लिहून घेतलं. लग्न झालं. तो सोयरीक मोडायला आला होता की खरंच विचारत होता, मला अजून ठाऊक नाही. परवा बहिणीच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा ती माझ्यासमोर म्हणाली, “माय तापानं गेली.” तिलाही मी तेच सांगितलं होतं.