घोडीवर बसेल असा टीव्ही

आमच्या मानसिंगतात्यानं टीव्ही घ्यायला जाताना घोडी बरोबर नेली आणि बायको घरी ठेवली. एवढ्या एका गोष्टीचा मला आजही राग येतो, आणि राग आला की पाठोपाठ त्याची कीवही येते.

तात्या म्हणजे माझा चुलता, निरवांगीचा. आमच्या भावकीतल्या बाकीच्यांनी एकेक करत मेंढरं विकली. कुणी बागायतीला लागले, कुणी कारखान्यावर गेले. मी काटेवाडीच्या दूध डेअरीत चिकटलो. तात्या तेवढा मेंढरांमागं राहिला. दिवाळी झाली की बायको, घोडी, कुत्री, कोंबड्या आणि मेंढरांचं सगळं खांड घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचं, रोज नव्या शेतात मुक्काम टाकायचा, आणि आभाळ भरून यायच्या आत परत फिरायचं. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि शिकायची हौसही नव्हती. "घरात झोपलं की मला छत दिसतंय," असं तो तक्रारीच्या सुरात सांगायचा.

या धंद्यात एक वाटणी ठरलेली असते. मेंढरं गड्याची आणि घोडी बाईची. गडी मेंढरं चारत पुढं निघतो. बाई अख्खं बिऱ्हाड घोडीवर लादते, पुढचा मुक्काम गाठते, चूल मांडते, मेंढरांसाठी जाळी लावते. वाकळा कुठं, पिठाची पोती कुठं, कोंबड्यांची पाटी कुठल्या बाजूला, हे सगळं बाई ठरवते. बाई नसली तर वाडा, म्हणजे चार बिऱ्हाडांचा फिरता तळ, चालतच नाही. आणि वाडा नाही चालला तर मेंढरं ठेवायची कुणासाठी?

नेमकं तेच त्या वर्षी तात्याच्या बोकांडी बसलं होतं. आदल्या फाल्गुनात घाटाखाली त्यांची छकुली गेली. दीड वर्षाची पोर. जुलाब-ओकाऱ्या सुरू झाल्या, गाडी मिळेपर्यंत दवाखान्याची गरजच उरली नाही. त्यानंतर त्याची बायको, आमची सारजाकाकी, बोलायची थांबली. म्हणजे भाकरी वाढली, व्हय, न्हाय, एवढंच. परत आल्यावर तिच्या भावानं सुप्याहून निरोप धाडला की दिवाळीनंतर बहिणीला न्यायला येतो, या वर्षी तिला रानोमाळ फिरवू नका. सगळ्या भावकीला ते पटलं. काकी काय म्हणते ते कुणी विचारलं नाही. आणि ती गेली तर खांड विकावं लागणार, हे तात्याला ढळढळीत दिसत होतं.

त्यात लासुर्ण्याला एका लग्नाच्या घरी तात्यानं बघितलं की टीव्हीसमोर बायकांच्या घोळक्यात बसलेली काकी कशाला तरी हसली. खरंच हसली की घशात काही अडकलं, देव जाणे. पण तात्यानं तेवढंच धरलं. चार दिवसांनी तो घोडीचा कासरा धरून डेअरीच्या दारात हजर.

"चल बारामतीला. टीव्ही घ्यायचाय. फिरता."

"फिरता म्हणजे?"

"म्हंजी आमच्यासंगं फिरंल असा."

तिथून बारामतीपर्यंत आम्ही घोडीच्या बरोबरीनं चालत गेलो. चांगले जोपासलेले एडके विकून त्यानं पैसे उभे केले होते. मी म्हटलं, "काकीला आणायचं होतं की. तिच्यासाठीच घेतोयस ना?"

"तिला काय कळतंय त्यातलं? एकदम म्होरं ठिवायचा. खूश हुईल."

दुकानदारानं घोडी पायरीशी उभी राहिलेली बघून डोळे मोठे केले. "पाहुणं, टीव्ही माणसं बघत्यात. घोडं कशाला?"

"वागवणार तीच हाय," तात्या म्हणाला. "तिलाच नगं झाला तर तुमी येणार हाय का डोक्यावर घ्यायला?"

दुकानातली पोरं फिदीफिदी हसली. तात्याला त्याचं काही नव्हतं. त्यानं कमरेची सुताची दोरी काढली. तिला तीन गाठी मारलेल्या होत्या, एक लांबीची, एक रुंदीची, एक उंचीची. मी विचारलं तर म्हणाला, "घोडीवर जागा हाय तेवढी, तिचं माप." मी कधी घोडी लादली नव्हती, लादताना नीट बघितलीही नव्हती. हुशार माणूस, माप घेऊन आलाय, एवढंच मला वाटलं.

आधी चौदा इंची पुढं आला. दोरी लावली, बसेना. दुकानदार म्हणाला, थोडा बाहेर आला तर काय बिघडलं? तात्यानं मान हलवली. मग फॉरेनचा एक छोटा निघाला, त्यात रेडिओ होता, टेपही होता. मला तर तो फारच आवडला. तात्यानं तो तळहातावर घेऊन उलटसुलट केला. "हे दाढी करायच्या आरशाएवढं. चुलीम्होरं बसून धुरातनं तिला ह्यात काय दिसायचं?" आणि जागेत सैल पडेल, हिंदकळेल, असंही त्याचं म्हणणं पडलं. शेवटी फळीवरून धूळ झटकत नऊ इंची काढला. नारिंगी रंगाचा, वर मूठ, मागं ओढून लांब होणारी काठी, घरच्या विजेवर चालणारा आणि बॅटरीवरही. दोरीच्या तिन्ही गाठी त्याला बरोबर बसल्या. तात्याचा चेहरा असा उजळला की मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग परीक्षा. टीव्ही पायरीवर आणून घोडीच्या कानाशी मोठ्यानं लावला. कुणीतरी बातम्या सांगत होतं. घोडीनं कान टवकारले, मान खाली करून काचेचा वास घेतला आणि दुकानाच्या पायरीवर निवांत लीद टाकली.

"पसंत हाय तिला," तात्या म्हणाला.

घाटाखाली दिसंल का, धक्के सोसंल का, दव पडलं तर काय करायचं, बॅटरी किती दिवसांनी भरायची, सगळं त्यानं खोदून खोदून विचारलं. दुकानदार शेवटी कावला. सोयरीक जमवताना कुणी इतकी चौकशी करत नाही, असं तो मला बाजूला घेऊन म्हणाला.

घरी आल्यावर तात्यानं टीव्ही काकीच्या पुढ्यात ठेवला. तिनं बघितला. "बरं हाय," म्हणाली आणि पीठ मळायला लागली. एवढ्यावर तात्या दोन दिवस गावभर सांगत हिंडला की ती यायला तयार झाली.

निघायच्या दिवशी मी निरवांगीलाच होतो. वाड्यातली बाकीची बिऱ्हाडं आदल्या दिवशीच पुढं गेली होती, तात्या बॅटरी भरून घेण्यापायी मागं राहिला. काकीचा भाऊ सुप्याहून येऊन ओट्यावर बसला होता. काकी घरातून बाहेर आली, त्याला चहा दिला आणि घोडी लादायला लागली. भावाला काय समजायचं ते समजलं. तात्यानं माझ्याकडं बघून मिशीत हसून घेतलं.

वाकळा झाल्या, पोती झाली, कोंबड्यांची पाटी झाली. वर घोंगड्या रचून काकीनं मधोमध खोलगट जागा ठेवली आणि तिच्याभोवती जुनं लुगडं गुंडाळलं. चालता न येणारं पोर या जागेत बसवतात आणि लुगड्यानं बांधतात. तेवढ्यात तात्या टीव्ही पोटाशी धरून आला. घोडी लादायला त्यानं जन्मात हात लावला नसेल, पण आज कौतुक अनावर झालं होतं. त्यानं टीव्ही उचलून त्या जागेत ठेवला. फटसुद्धा राहिली नाही.

"बघ कसा बसला! दोरीनं माप घिऊन आणलाय."

"कशाचं माप?" काकीनं विचारलं.

तात्यानं सांगायला तोंड उघडलं. मग त्याचं त्यालाच कळलं. हात टीव्हीच्या मुठीवर तसाच राहिला. मी आणि काकीचा भाऊ, दोघांनाही त्याच क्षणी उमगलं आणि दोघांनीही खाली बघितलं. इतका आंधळा कसा असतो माणूस! पोर रोज जिथं बसायची त्या जागेला त्यानं दोरी लावली, तीन गाठी मारल्या, आणि त्याला फक्त जागा रिकामी दिसली.

काकी ओरडली नाही. तिनं टीव्ही खाली घेतला, पदराची चुंबळ केली, टीव्ही डोक्यावर ठेवून एका हातानं धरला, आणि दुसऱ्या हातानं कासरा धरून चालायला लागली. घोडीवरची जागा लुगड्यासकट तशीच मोकळी. "दे हिकडं, मी घेतो," म्हणत तात्या दहा पावलं तिच्यामागं गेला. तिनं दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सायकलवरून काटेवाडीला परतलो. रस्त्यानं लोक हसून सांगत होते की घोड्यावर जागा मोकळी आणि बाई डोक्यावर टीव्ही घेऊन चाललीय, धनगर येडा झालाय. तात्या पुढं गाठ पडला. रात्रभरात म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. पहिल्या मुक्कामाला त्यानं टीव्ही लावला होता. वस्तीवरची सगळी पोरं जमली, चित्र चांगलं आलं.

"तिनं मान बी वळवली न्हाय," तो म्हणाला. एवढं बोलून तो मेंढरांमागं गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दोघं काटेवाडीतून पुढं निघाली होती. डेअरीच्या थोडं पुढं रस्ता अरुंद आहे, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला हिंदुराव म्हणून एका बागायतदाराचा लसूणघास, म्हशींसाठी केलेला, दवानं भिजलेला. मी कॅन मोजत होतो तर बाईचा रडण्याचा आवाज आला. बाहेर धावलो. सारजाकाकीनं टीव्ही रस्त्याच्या कडेला ठेवला होता आणि त्याच्याशेजारी मातीत बसून ती छकुलीच्या नावानं हंबरडा फोडत होती. घोडी तिच्यामागं उभी. तात्या मेंढरांबरोबर पुढं, आवाज ऐकून मागं वळून बघत होता आणि परत मेंढरांकडं बघत होता. असल्या रस्त्यावर मेंढक्याला थांबता येत नाही. तो थांबला की मेंढरं पिकात.

मी काकीपाशी बसलो. तीच बोलली, आठ महिन्यांचं साचलेलं एकदम.

"मागल्या साली माती लोटली न लोटली, तवर मेंढरं कुणाच्या तरी रानात घुसली. ह्ये त्यांच्यामागं पळालं. मी एकटी हुते तितं. सांजंला आलं तर म्हनत्यात, उद्या सकाळी हालायचं, पुढचा शेतकरी वाट बघतुया." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला सुप्याला जायचं नव्हतं. माझी पोर त्या वाटंवर हाय. मी कशाला ऱ्हाईन मागं? पर इचारलं न्हाय कुनी. घोडीला इचारलं." मग पुढं हात करून म्हणाली, "जावा म्हनावं त्यांस्नी. मी येते मागनं."

हे तात्याला ऐकू गेलं असणार, कारण तो चालायचा थांबला. खांद्यावरची काठी त्यानं खाली टाकली आणि मागं फिरला. मेंढरांना अशी मोकळीक जन्मात मिळाली नव्हती. पहिली दोन घासात उतरली आणि पाठोपाठ अख्खं खांड. मी ओरडलो, "तात्या, मेंढरं!" त्यानं ऐकलंच नाही. तो आला, मध्ये असलेला टीव्ही त्यानं पायानं बाजूला सारला आणि बायकोसमोर मातीत बसला.

मी आणि डेअरीतली दोघं मेंढरं हाकलायला धावलो. ती कुठली आवरतायत! दवातला कोवळा घास उपाशी मेंढराच्या पोटात गेला की तासाभरात पोट फुगतं आणि ते आडवं होतं. तात्याला हे माझ्याहून जास्त माहीत होतं. त्या दिवशी दुपारपर्यंत खांडातली किती आडवी झाली ते आठवायलाही नको वाटतं. हिंदुराव दांडकं घेऊन आले. आधी शिव्या, मग तात्याच्या पाठीत दोन तडाखे. तात्यानं हात वर केला नाही, वळूनही बघितलं नाही. तो रडत होता. एवढा रापलेला, दाढी वाढलेला गडी, लहान पोरासारखा आवाज करून रडत होता. ते बघून हिंदुराव दांडकं धरून तसेच उभे राहिले. नंतर नुकसानीपोटी टीव्ही त्यांच्याच घरी गेला, आणि कुणी त्याची चौकशी केली नाही.

काकीनं तात्याच्या पाठीवरचा वळ बघितला, मग घासात पांगलेली मेंढरं बघितली.

"उठा," ती म्हणाली. "मेंढरं फुगत्याल."

"फुगू दे," तात्या म्हणाला, आणि बसूनच राहिला.