मधुकररावांच्या दोन हाका

मधुकररावांचा आवाज काढणं अगदी सोपं. नाक जरासं दाबायचं, छाती भरून घ्यायची आणि शेवटचा शब्द लांबवायचा. "पारशिवनीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहेऽ." मग एक श्वास, आणि तेच वाक्य पुन्हा. त्यांची उभी नोकरी एसटी स्टँडच्या उद्घोषणेच्या खोलीत गेली. प्रत्येक घोषणा दोनदा. माइक चालू असला की ते थेट पुण्याचे वाटायचे, आणि बटण बंद झालं की आपल्या जुन्या महाल वस्तीतले: "काय गा, चाय सांगितला का नाही?"

निवृत्त होऊन ते बेसाच्या कॉलनीत आमच्या शेजारी राहायला आले, तरी सवय गेली नाही. भाजीवाल्यालाही ते दोनदा विचारायचे. तो एकदा म्हणाला, "काकाजी, दोन बार इचारलं तरी वांगे तेच राह्यतीन."

दर रविवारी ते कॉलनीतल्या लोकांना कुठेतरी पायी फिरवून आणायचे. खांद्याला बॅटरीवरचा भोंगा असायचा. बरोबर त्यांचे जिवलग रुपराव, वीज खात्यातले निवृत्त लाइनमन, मूळचे पारशिवनीकडच्या खेड्यातले. एकाचं तोंड मिटत नसे, दुसऱ्याचं उघडत नसे. रविवारी पहाटे रुपरावांच्या फाटकापाशी ठरलेला खेळ व्हायचा. "रुपराव, चला." आत सामसूम. "रुपराव, चला." तरी सामसूम. मग मधुकरराव भोंगा खाली करून आपल्या खऱ्या आवाजात ओरडायचे, "अबे रुप्या!" तेव्हा आतून शांतपणे उत्तर यायचं, "आलो गा."

"कानात मशीन बसवून घे," मधुकरराव म्हणायचे. रुपराव नुसते हसायचे. ते थोडे बहिरे आहेत, असं आम्ही सगळ्यांनीच धरून टाकलं होतं.

मे महिन्यात मधुकरराव टोळीला रुपरावांच्याच गावाकडे घेऊन गेले. गावामागे बंद पडलेली जुनी खाण आहे. तिथे मैलभर काळ्या गोट्यांचा माळ, खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे, आणि सावलीला एक झाड नाही. सकाळी नवालाच चपलेचा तळ चटचट करायला लागतो. परतताना रुपराव थांबले. ढिगाऱ्यांच्या पलीकडे टेंभुर्णीची झाडं होती. "तुम्ही व्हा पुढं. रुखमाले टेंभरं आवडते, चार घेऊन येतो," म्हणाले आणि वळले.

ते आलेच नाहीत. फोन लागेना. संध्याकाळपर्यंत गावातले लोक कडेकडेनं शोधत राहिले. माळावर जुने खड्डे उघडे पडलेले, म्हणून अंधारात आत उतरू नका, असं त्यांनीच सांगितलं.

पहाटे गावच्या शाळेत सगळे जमले. बेसातून दोन गाड्या भरून माणसं आली होती. पप्पांबरोबर मीही. मधुकररावांनी फळ्यावर खडूनं माळ काढला, त्याच्या पट्ट्या पाडल्या आणि प्रत्येक पट्टीला नंबर दिला. फलाट एक, फलाट दोन. कोणीतरी हसलं, ते हसले नाहीत. ठाण्यातून आलेल्या हवालदारानंही मान डोलावली, कारण योजना चांगली होती. माणसांनी एका रांगेत, एकमेकांना दिसतील एवढ्या अंतरानं चालायचं. डोक्याला ओला दुपट्टा. कॉलनीतल्या दिपालीताई नर्स आहेत, त्यांनी प्रत्येकाच्या बाटलीत मीठ-साखर घातली. ऊन चढलं की सगळ्यांनी परत यायचं, नाहीतर शोधणाऱ्यांनाच शोधायची पाळी येईल.

"मी भोंग्यातून हाक मारीन. दोनदा. मग सगळ्यांनी जागच्या जागी उभं राहायचं, तोंड बंद, कान उघडे. मग पुढं."

"दोनदाच काहून, काकाजी?" गावातल्या एका पोरानं विचारलं.

"जिंदगीभर दोनदाच सांगत आलो गा. ज्याले ऐकायचं त्याले दोनदात ऐकू जाते."

मग रांग निघाली. "रुपरावऽ. रुपरावऽ." भोंग्याचा आवाज ढिगाऱ्यांवर आपटून दुसरीकडूनच परत यायचा. आम्ही उभे राहायचो. टिटवी ओरडायची, तेवढंच. मग पुढची पट्टी. ऊन डोक्यावर आलं तेव्हा सगळे फलाट संपले होते आणि आम्ही रिकाम्या हातानं शाळेत परतलो.

व्हरांड्यात रुपरावांच्या पत्नी रुखमाबाई बसल्या होत्या. त्या मौद्याला लेकीकडे गेल्या होत्या, सकाळच्या गाडीनं आल्या. रडत नव्हत्या. मधुकरराव समोर जाऊन उभे राहिले.

"सगळीकडे हाका मारल्या, वहिनी. कुठूनच आवाज नाही."

"किती मारल्या?"

"अं?"

"एका जागी किती मारल्या, भाऊजी?"

"दोन."

रुखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मंग ते कसे बोलतीन? रानात चकवा हाक मारते, एक नाही तर दोन. तिसरी फक्त माणसाची. लहानपणी त्यांचा भाऊ पहिल्याच हाकेले ओ देऊन गेला, तो आलाच नाही. मायनं शपथ घातली होती त्यांले. घरीसुद्धा तिसरीशिवाय ओ देत नाहीत ते."

मधुकररावांनी भोंगा व्हरांड्यात ठेवला आणि उन्हात चालू लागले. आपणच केलेला नियम त्यांनी मोडला. दिपालीताई पाण्याची कॅन घेऊन मागे धावल्या, मग बाकीचेही. मधुकरराव नुसत्या गळ्यानं ओरडत होते. "रुप्या! रुप्या! अबे रुप्या!" घोषणेचा आवाज नव्हताच तो. तो महालातला होता, फाटलेला.

रुपराव चार नंबरच्या पट्टीत सापडले. ढिगाऱ्याखालच्या घळीत, हातभर सावलीत, पाय मुरगळून सुजलेला. सकाळी आमची रांग त्यांच्या डोक्यावरून गेली होती. गमछ्याच्या गाठीत टेंभरं होती. दिपालीताईंनी नाडी पाहिली, परत पाहिली आणि मग त्यांचा हात तसाच धरून बसून राहिल्या. डॉक्टर नंतर एवढंच म्हणाले, सकाळी केव्हातरी गेले असतील. रांग जाण्याआधी की नंतर, ते त्यांनाही सांगता येईना.

तेरवी झाल्यावर एका संध्याकाळी मधुकरराव रुपरावांच्या फाटकापाशी आले. मी आमच्या गच्चीवर कपडे काढत होते.

"वहिनी."

आत दिवा लागलेला होता.

"वहिनी."

मग ते थांबले. तिसरी हाक मारली नाही. फाटकाचा गज धरून तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं रुखमाबाईच बाहेर आल्या आणि त्यांनी कडी काढली.

"या, भाऊजी. ऐकू आलं होतं मले, पहिलीलेच."

मधुकरराव पायरीवर खाली बसले. रुखमाबाई पाणी आणायला आत गेल्या.