दुधातलं पाणी

बाबांचं पाणी मी मोजून देत असे. दिवसाला एक लिटर, आणि त्यातच चहा, वरण, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं आलं. त्यांची मूत्रपिंडं थकल्यावर डॉक्टरांनी दिलेला तक्ता मी फ्रिजवर चिकटवला होता. केळं बंद, नारळपाणी बंद, दूध फक्त चहापुरतं. एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाला मी नववीच्या वर्गासारखं शिस्तीत ठेवलं होतं. त्यांनी कधी तक्रार केली नाही, आणि मला त्याचंच बरं वाटायचं.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही म्हैसूरला आलो, त्याला आता वीस वर्षं होत आली. नवरा गेला, मी राहिले. इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. आई गेल्यावर बाबांना इकडे आणलं. नगरकडच्या खेड्यांत त्यांनी चाळीस वर्षं पाळक म्हणून सेवा केली. इथे गल्ली त्यांना फादर म्हणते. फादर वेगळे आणि पाळक वेगळे, हे समजावण्याचा नाद मी पहिल्याच वर्षी सोडला.

गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. आपल्याकडे बघूनच लोक ठरवणार की ही माणसं कशी असतात, असं बाबा म्हणायचे, आणि ते ओझं मी इमानेइतबारे वाहिलं. दुसऱ्याच्या गेटपुढचा कचरा उचलला. ओळखीतल्या मुलाला अर्धा गुण वाढवून दिला नाही. कुणाच्या भांडणात साक्ष द्यायची वेळ आली तर दोघांनाही न आवडेल असं खरं तेच सांगितलं. टीचर खोटं बोलत नाहीत, हे गल्लीत ठरूनच गेलं होतं. मला ते आवडायचं, कशाला लपवू? दमायचेही. चांगलं असणं हे काम आहे, आणि त्याला रविवारची सुट्टी नाही. उलट रविवारी जास्तच.

दूधवाली शहराबाहेरच्या वरुणा गावाकडच्या एका खेड्यातून मोपेडवर यायची, मागे दोन कॅन बांधून. चाळिशीची, कमी बोलणारी बाई. गल्लीतली नऊ घरं तिची होती. सकाळी सहाला ती गेटवर माझ्या पातेल्यात लिटरभर दूध ओतायची, मी ते ओट्यावर झाकून ठेवायचे आणि आंघोळ, केस, वह्या आटोपल्यावर तापवायचे. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी दूध पातळ लागायला लागलं. साय धरेना, दही पाणचट.

मी विज्ञानाची बाई. शाळेच्या प्रयोगशाळेतून लॅक्टोमीटर घरी आणला आणि तीन दिवस दूध तापवण्याआधी तो त्यात सोडला. तिन्ही दिवस पाणी निघालं. तिसऱ्या दिवशी फोटो काढला आणि गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं की मी हे दूध बंद करत आहे, बाकीच्यांनी आपापलं ठरवावं. भाषा अगदी सभ्य होती. कुणाबद्दल काही असेल तर आधी त्याच्याकडे एकटं जावं, दोघांत बोलावं, हे मी रविवारच्या शाळेत लहान मुलांना दरवर्षी शिकवते. त्या दिवशी मला त्याची आठवण झाली नाही. मला उशीर होत होता.

तिला मी दुसऱ्या सकाळी गेटवर सांगितलं. तोवर दोन घरांनी तिला परत पाठवलं होतं. तिनं चामुंडीच्या टेकडीकडे हात करून शपथ घेतली की पाण्याचा थेंब घातलेला नाही. मी म्हटलं, शपथा घेऊ नका, जे असेल ते हो किंवा नाही म्हणा. बाबांनी लहानपणी मला शिकवलेलं वाक्य मी तिच्या तोंडावर मारलं. ती कॅनचं झाकण लावून निघून गेली. आठवड्याच्या आत नऊच्या नऊ घरांत पाकिटाचं दूध सुरू झालं.

बाबांना कानडी येत नाही. गेटवर काय झालं ते त्यांना कळलं नाही. चार-पाच दिवसांनी त्यांनी विचारलं, की ती बाई आजारी आहे का, दिसत नाही. मी वह्या तपासता तपासता सांगितलं, पाणी घालायची, बंद केली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मी ते गरमीवर ढकललं.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. आम्ही जातो त्या चर्चमध्ये त्या दिवशी प्रभुभोजन असतं. भाकरीचं ताट आणि चिमुकल्या पेल्यांचं ताट बाकांवरून हातोहात पुढे जातं. ज्याचं कुणाशी बिनसलेलं आहे, त्यानं आपल्या हातातलं ताट पुढे द्यावं आणि आधी समेट करून यावं, अशी आमच्याकडची रीत. आता इतकं कोण बघतं? पण बाबांच्या गावांत आदल्या शनिवारी माणसं खरोखर एकमेकांच्या घरी जायची, बांधावरची भांडणं मिटवायची. ताट बाबांच्या हातात आलं. त्यांनी ते माझ्याकडे दिलं, न घेता. मला वाटलं हात थरथरतोय, म्हणून मी परत त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मान हलवली. दुसरं ताट आलं, तेही तसंच. ज्या माणसानं चाळीस वर्षं इतरांना ते दिलं, तो रिकाम्या हातानं बसून होता. शेजारचे बघत होते. मी मात्र घेतलं.

घरी येताना रिक्षात विचारलं, काय झालं?

“दूध मी प्यायचो,” ते म्हणाले. “तू आंघोळीला गेलीस की कपभर. आणि कमी दिसू नये म्हणून तेवढं पाणी ओतायचो.”

मी विचारलं, मागितलं का नाही? म्हशीच्या कासेखाली तोंड धरून वाढलेला माणूस, धारोष्ण दुधासाठी जीव टाकणारा. आठवड्यातून एकदा अर्धा कप दिला असता की मी.

“तू दमलेली असतेस, बाळा. तुला नाही म्हणायलाही त्रास होतो, दिसतं मला.”

मला राग आला. त्यांचा आला, त्या डॉक्टरांचा आला, रिक्षा हळू चालवणाऱ्याचाही आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे चोर माझा बाप निघाला आणि तोही पाळक. पण रात्रभर जो राग टिकला तो स्वतःचा होता. नमुना कुठून घ्यायचा, हा मी नववीला शिकवते तो पहिला धडा. कॅनमधून थेट घ्यायचा. मी घेतला माझ्या ओट्यावरून, आणि ओट्याशेजारी कोण राहतं याचा विचारही केला नाही. आपल्या घरातलं कुणी असेल, हे माझ्या मनाला शिवलंच नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं: माझी तपासणी चुकली होती, दूधवालीचा काही दोष नाही, तिचं दूध पुन्हा सुरू करावं. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कुणी लिहिलं, टीचर किती मोठ्या मनाच्या. दूध मात्र कुणीच सुरू केलं नाही. मी समोरच्या आजींकडे गेले. त्यांचं घराणं म्हैसुरात चार पिढ्यांचं, घरी मराठी बोलतात, पण त्या मराठीत अर्धं कानडी. त्यांना सांगितलं, तिनं पाणी घातलंच नव्हतं.

“पाप, तू सुम्ने आपल्या अंगावर घेतेस,” त्या म्हणाल्या. पाप म्हणजे त्यांच्या कानडीत बिचारी. “तुमच्यात क्षमा करायची असते, अल्वा, हो ना? आम्हाला कळतं गं. फोटो बघितला की आम्ही.”

त्यांना वाटलं, मी उगीचच स्वतःवर ओढून घेते आहे. मी आरोप केला तेव्हा माझा शब्द खरा ठरला, कारण मी खोटं बोलत नाही. मी तो मागे घेतला तेव्हा तो दयाळूपणा ठरला, कारण आम्ही लोक क्षमा करतो. बाहेर पडायला एकच वाट होती, पाणी कुणी घातलं ते सांगणं. आणि त्या गल्लीत परीक्षेच्या आधी बायका मुलांना बाबांच्या पाया पडायला आणायच्या. मला ते तोंडातून काढवेना. दोन दिवस मी काही केलं नाही. शाळेत मुलांवर ओरडले, घरी येऊन कुकर लावला, पाणी मोजलं.

बाबांनीच विषय काढला. ‘मीच प्यायलो, मीच पाणी घातलं, चूक माझी’ याला कानडीत काय म्हणतात? मी म्हटलं, राहू द्या, या वयात कशाला तमाशा. ते म्हणाले, मग कोणत्या वयात? मी सांगितलं, त्यांनी देवनागरीत एका लिफाफ्याच्या मागे लिहून घेतलं आणि दुपारभर खाटेवर बसून घोकलं.

संध्याकाळी गल्लीच्या टोकाला अश्वत्थाच्या पारावर बायका बसतात. तिथे आम्ही गेलो. त्यांची काठी, माझा हात, मध्ये दोनदा थांबून. सगळ्या उठून उभ्या राहिल्या. त्यांनी चष्मा नीट केला, लिफाफा खिशातच ठेवला आणि म्हणाले, “नाने कुडिदे. नीरु नाने हाकिदे. तप्पु नन्नदु.” मग तेच आजींसाठी मराठीत. आवाज वेदीवरून बोलायचे तसा मोठा आला, सवयीनं.

मग आजी हसल्या. “अय्यो, या वयात दूध प्याले ते काय पाप, होय? बसा, बसा.” सगळ्याच हसल्या, मायेनं. एकीनं त्यांना पारावर बसवलं. दुसरीनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, म्हाताऱ्या माणसाला इतकं उपाशी ठेवू नये. मला तिथेच रडू कोसळलं असतं, इतकी मी थकले होते. बाबांना त्यांनी मिनिटात माफ केलं. कारण बाबांनी त्यांचं काहीच घेतलं नव्हतं. ज्या बाईचं घेतलं होतं ती तिथे नव्हती.

पाकिटं गेटवर सकाळी आपोआप पडतात, त्याची सवय लागली होती. कळून चुकल्यावरही तिचं दूध परत घ्यायला तयार झालो ते फक्त आजी, अर्धा लिटर, आणि आम्ही, लिटरभर. दीड लिटरसाठी ती इतक्या लांबून येणार का, हे विचारायला आणि माफी मागायला शनिवारी शाळा सुटल्यावर मी बसनं तिच्या गावी गेले. बाबा येतो म्हणत होते. मी नेलं नाही, त्यांच्या पायांना सूज होती.

भाताच्या शेतांच्या कडेनं विचारत विचारत घर सापडलं. ती अंगणात वैरण तोडत होती. मला बघून तिनं कोयता खाली ठेवला, प्लास्टिकची खुर्ची आणली, पाणी दिलं. गोठ्यात दावणी दोन होत्या, गाय एकच. मी सगळं सांगितलं, बाबांचं, कपाचं, लॅक्टोमीटरचं, आणि ग्रुपवर टाकण्याआधी तुमच्याकडे यायला हवं होतं हेही. माझी चूक झाली, मला माफ करा, म्हटलं. तिनं आधी विचारलं, अज्जांची, म्हणजे बाबांची, तब्येत कशी आहे. मग तिनं पदरानं तोंड पुसलं.

“दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते, टीचर,” ती म्हणाली. ती कानडीत बोलत होती, हळू, मला कळावं म्हणून. “पण तुम्ही खोटं बोलत नाही. जाताना वाटेत मी विचार केला, मी तर घातलं नाही, मग घातलं कुणी? धार तो काढतो. घरी येऊन मी नवऱ्याला धरलं. त्यानं मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, नाही घातलं. मी ऐकलं नाही. तुम्ही म्हटलं होतं ना.”

त्यानं रागानं दुसऱ्या दिवशी एक गाय बन्नूर गावच्या माणसाला विकून टाकली. तेव्हापासून तो तिच्याशी बोलत नव्हता. वाढलेलं जेवायचा, उठून जायचा. बावीस वर्षांचा संसार, ती म्हणाली, आणि तिला त्याच्या हातांनी काढलेल्या दुधाचा संशय आला, माझ्या एका शब्दानं.

मी पुन्हा माफी मागायला लागले, तर तिनं हातानं थांबवलं.

“मला नको. त्याला सांगा.”

तो घरामागे उरलेली गाय धूत होता. मी चिखलातून तिथवर गेले आणि त्याला सांगितलं, माझ्या मोडक्या कानडीत, पहिल्यापासून. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. बादलीत हात घालून तो गाईच्या पाठीवर पाणी मारत राहिला, तळहातानं चोळत राहिला. माझं सांगून संपलं. बस सुटायला वेळ होता. त्यानं ऐकलं की नाही, मला कळेना, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.